बाबा ठणठणीत आहेत

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

नवी वही. फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खरं तेच लिहिणार.

मुद्दा एकच आहे. सत्तावीस तारखेपासून बायको पुन्हा नोकरीवर जाणार. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. आमची छोटी सहा वर्षांची, एक वाजता शाळेतून घरी येते. एक ते सहा तिला कोण बघणार? माझं उत्तर तयार आहे: माझे बाबा. घरात आजोबा असताना पाळणाघर शोधणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बायकोचं म्हणणं, बाबांचं हल्ली काही ठीक नाही, डॉक्टरांना दाखवू. ताईचंही तेच. ताई चारशे किलोमीटरवर बसून उंटावरून शेळ्या हाकते.

मी क्वालिटीमध्ये आहे. बाटल्यांची झाकणं. पट्ट्यावरून मिनिटाला तीनशे जातात, त्यात एक वाकडं असलं तरी मी उचलतो. घरातल्या माणसात बिघाड असता तर मला दिसला नसता? बायको म्हणाली, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ. म्हण अर्धीच सोडून भांडी घासायला गेली.

तोडगा काढला आहे. उद्यापासून आठ दिवस खेड्याकडे, भाड्याच्या घरात. तिथे जिओकॅशिंग करायचं. लोकांनी रानात छोटे डबे लपवलेले असतात, जागा मोबाइलवर कळते. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, आतली एक वस्तू घ्यायची, बदली आपली एक ठेवायची, डबा होता तसा परत लपवायचा. घराच्या आसपास असे सहा डबे आहेत. बाबांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. त्यांच्यासाठी हा डाव्या हातचा मळ. सहा डबे सापडले की विषय संपला.

बायको म्हणाली, बघू. पण तोपर्यंत छोटीला बाबांबरोबर एकटं सोडायचं नाही. मी शब्द दिला.

संकल्प: रोज सहाला उठणे. चिडणे नाही. पुरावा रोजच्या रोज लिहिणे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

साडेआठला उठलो. सुट्टी आहे.

गाडीत बाबांनी चार वेळा विचारलं की आपण कुठे चाललोय. उत्साह. चौथ्यांदा विचारताना मला साहेब म्हणाले. खात्यातला जुना विनोद असणार. मी हसलो. ते हसले नाहीत.

घर रानाच्या कडेला आहे. पानगळ सुरू आहे. इतकी शांतता की पान पडल्याचा आवाज येतो. जाहिरातीत आल्हाददायक शांतता असं लिहिलं होतं, ती हीच. मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत.

रविवार, १९ ऑक्टोबर

डबा नंबर एक. पुलाच्या कठड्याखाली. मोबाइल नऊ मीटर पलीकडे दाखवत होता. मी काटेरी झुडपात. बाबांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. पुलाच्या टोकापासून पावलं मोजली, वाकले, हात घातला, डबा काढला. मी बायकोकडे पाहिलं. काही बोललो नाही. न बोलण्याची एक पद्धत असते.

मग तिने डब्यातली वही माझ्यापुढे धरली. बाबांनी नाव लिहून खाली मोजणीदार असा हुद्दा टाकला होता. तारीख बरोबर, महिना बरोबर, वर्ष अडतीस वर्षांपूर्वीचं. म्हणजे तीनपैकी दोन बरोबर. आमच्याकडे इतक्यावर झाकण पास होत नाही, पण बाबा झाकण नाहीत.

सोमवार, २० ऑक्टोबर

धुकं. डबा नंबर दोन, पडक्या वीटभट्टीपाशी. पुन्हा बाबांनीच शोधला.

संध्याकाळी लक्षात आलं, बाबांचं कानाचं मशीन नाही. सगळं घर पालथं घातलं. बाबा शांतपणे खिशातली एक काचेची गोटी दाखवत होते. गोटी घेतली होती, बदली मशीन ठेवलं होतं. धुक्यात परत गेलो. मशीन डब्यात, रुमालात व्यवस्थित गुंडाळलेलं.

बायको गंभीर झाली. मला कळत नाही का. नियम फक्त बाबांनीच पाळला. मी जुनं बसचं तिकीट टाकलं होतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

घरमालकीण अंडी द्यायला आली. म्हणाली, तुमचे वडील पहाटे दगडाच्या खाणीवर उभे होते. अगदी कडेला. बोटांवर काहीतरी मोजत होते. मी म्हणालो, मॉर्निंग वॉक.

ती म्हणाली, लहान मुलीला तिकडे पाठवू नका. खाण बंद पडून पाणी भरलंय, तळ कुणाला माहीत नाही, कुंपण नाही. आणि या दिवसांत पाण्यावर पानांचा असा थर साचतो की ती जमीनच वाटते. तिचा कुत्रा तसाच गेला. जमिनीवर चालावं तसा चालत गेला म्हणे.

खेड्यातल्या लोकांना भीती घालायला आवडतं. अंडी चांगली होती.

बुधवार, २२ ऑक्टोबर

तीन आणि चार नंबर एकाच दिवशी! वेळापत्रकाच्या पुढे आहोत.

बाबा आज छोटीला ताई म्हणून हाक मारत होते. परकर सावर, आई रागावेल, असंही म्हणाले. छोटीने जीन्स घातली होती. माझ्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली. नात मुलीसारखी वाटणं यात गैर काय आहे?

नंतर छोटी माझ्या कानात म्हणाली, पप्पा, आजोबांना मी आत्या वाटते. मी तशीच खेळते, नाहीतर ते घाबरतात.

सहा वर्षांची, पण काय कल्पनाशक्ती!

गुरुवार, २३ ऑक्टोबर

पाचवा डबा सापडला. मला झोप नीट लागत नाही. कॉफी बंद करणार.

सकाळी गॅसचं बटण चालू होतं, जाळ नव्हता. शेगडी जुनी आहे. घरमालकिणीला सांगणार. बाबा पहाटे पाचला कोट घालून दारात उभे होते. लोक खोळंबलेत, मोजणी राहिलीये म्हणाले. अशी कामाची निष्ठा आता कुठे?

ताईचा फोन. रेंज गेल्याचं सांगून ठेवला. खिडकीतच उभा होतो.

बायको छोटीच्या खोलीत, दाराला आतून पाठ लावून झोपते. विचारलं तर म्हणाली, तिथे ऊब आहे. मी हात लावून पाहिला. दार गार आहे.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, दुपारी २.४०

बायको गाडी घेऊन बाजाराच्या गावाला गेली. तासाभरात येईल. हीच वेळ. उद्या निघायचं, आणि खरी परीक्षा झालेलीच नाही. पाच डबे आम्ही सगळ्यांनी मिळून शोधले, त्यातून काय सिद्ध होतं? सहावा बाबा आणि छोटी दोघंच शोधतील. सहाशे मीटर. खाणीच्या अलीकडे आहे, खाणीत नाही. फरक आहे.

शब्द मोडत नाहीये. एकटं सोडणं वेगळं आणि पुढे सोडणं वेगळं. मी पन्नास मीटर मागून, दिसणार नाही असा.

२.५५

निघाले. हातात हात. छोटीने वळून टाटा केला. बाबांची टोपी सरळ, चाल दमदार. बायकोने हे पाहायला हवं होतं. एवढी नोंद पुरी करतो आणि निघतो.

३.०५

बुटाची लेस तुटली. दुसरी शोधतोय. धुकं थोडं वाढलंय. ते फार तर पुलापर्यंत गेले असतील. घाईत निघालो तर त्यांना दिसेन आणि परीक्षाच रद्द होईल. पाच मिनिटं.

३.५०

डोळा लागला होता. बाबा आलेत. एकटे. हातात हिरवा प्लास्टिकचा बेडूक. खूप खुशीत आहेत. विचारलं छोटी कुठाय. म्हणाले, ठेवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

पुरावा रोजच्या रोज लिहायचा ठरलं होतं. म्हणून लिहितो.

एकाच बुटावर पळालो. डबा दहा मिनिटांत सापडला, पहिल्यांदाच मला स्वतःला. जुन्या खुणेच्या दगडाखाली. उघडला. आत एक बटण, एक पेन्सिल, वही. वहीत बाबांचं अक्षर, चौतीस वर्षं नकाशांवर असायचं तसं, एकही अक्षर रेषेबाहेर नाही.

घेतला: बेडूक, १. ठेवली: नात, १.

खाली तारीख. या वेळी वर्षही बरोबर.

मी हाका मारल्या. घसा फाटेपर्यंत. काही उत्तर नाही. खाण तिथून दिसत होती. पाण्यावर पानं, पिवळी, सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कडेला उभं राहून पानांत कुठे भोक पडलंय का ते बघत होतो. पट्ट्यावर झाकणं बघतो तसं, डावीकडून उजवीकडे, एकेक. हे लिहायचं नव्हतं.

मग बायको आली. बाबांना हाताला धरून. बाजारातून आली, घरात बाबा आणि बेडूक पाहिला, सगळं समजली. माझ्यावर ओरडली नाही. माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना म्हणाली, बाबा, ठेवलंय ते नीट झाकलंय ना, एकदा बघून येऊ या का? ओरडून, दरडावून नाही. भाजी निवडताना बोलावं तसं.

बाबा म्हणाले, हो, तपासणी झालीच पाहिजे. खुणेच्या दगडाला पाठ लावून उभे राहिले आणि मोठ्याने मोजत निघाले. खाणीच्या कडेकडेने. आम्ही मागे. सत्तरच्या पुढे बायकोने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. एकशे बाराला थांबले. खाणीवरच्या ट्रकांचं वजन करायची जुनी खोली. दाराला बाहेरून तार गुंडाळलेली, सात वेढे.

छोटी आत होती. पोत्यांखाली. दोन्ही हात तोंडावर दाबून.

माझ्या हाका तिने ऐकल्या होत्या. सगळ्या. पण आजोबांनी सांगितलं होतं की डबे बोलत नाहीत. बोलली असती तर आजोबा हरले असते, आणि पप्पांनी सकाळीच सांगितलं होतं की आज आजोबांना जिंकवायचं.

हे मी सांगितलं होतं. हो.

बाबा म्हणाले, होतं तसं आहे, आणि टोपी नीट केली. मी दारातच बसलो आणि रडलो. छोटीने मला बेडूक कुठाय विचारलं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

परत निघालो. गाडी बायको चालवत होती. बाबांनी दोनदा विचारलं कुठे चाललोय. दोन्ही वेळा छोटीने उत्तर दिलं.

तासाभराने मी एक गोष्ट मांडली. शांतपणे विचार केला तर ती तार बाबांनी सुरक्षिततेसाठीच गुंडाळली होती. दार उघडं असतं तर छोटी खाणीकडे गेली असती. म्हणजे एका अर्थाने जबाबदारीची जाणीव शंभर टक्के.

बायकोने गाडी कडेला घेतली. उतरली. शेताच्या बांधावर आमच्याकडे पाठ करून दहा मिनिटं उभी राहिली. परत येऊन बसली आणि गाडी सुरू केली. डॉक्टरांची बुधवारची वेळ तिने घेतलेली आहे. कधी घेतली विचारलं. म्हणाली, ऑगस्टमध्ये.

बुधवार, २९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. लिहीत नाही. मला म्हणाले, घरच्यांना साधारण दीड-दोन वर्षांपासून जाणवत असेल. बायकोने मान हलवली. मीही हलवली. मला भीती वाटते आहे. बाबांना नाही वाटत. ते डॉक्टरांच्या टेबलाची लांबी वितीने मोजत होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवी व्यवस्था सुरू. छोटी पाळणाघरात. बायको आठवडाभर उशिरा का होईना, लॅबमध्ये रुजू. मी पहाटेची शिफ्ट मागून घेतली, एक वाजता घरी येतो आणि दुपारभर बाबांना सांभाळतो. सकाळी बाबांजवळ मदतनीस बाई असतात.

संकल्प: बाबांसमोर रडायचं नाही. दाराला वरची कडी. गॅसचा कॉक स्वतः बघायचा, रोज, दोनदा. मला वाटतं मला हे उत्तम जमेल. धीर, निरीक्षण, शिस्त, हे सगळं माझ्याकडे आहे. पहिला दिवस छान गेला.

चार वाजता न्हाणीघरात होतो. वरची कडी लावायची राहून गेली होती. बेल वाजली, बाबांनी दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ. त्यांनी विचारलं, काय काका, हल्ली दुपारी मुलगा घरीच दिसतो.

बाबा आवाज खाली आणून म्हणाले, काय करणार, त्याला एकटं ठेवता येत नाही हो. दिसतं सगळं, पण लक्षात येत नाही त्याच्या. म्हणून दुपारचा मी थांबतो.

शेजारी म्हणाले, या वयात तुम्हाला केवढा त्रास.

बाबा म्हणाले, त्रास कसला, आपलंच पोर आहे.

बाहेर जाऊन खुलासा करणार होतो. टॉवेल गुंडाळून दारापर्यंत गेलोही. मग परत येऊन नळ सोडून बसून राहिलो.