एकसष्टावा पत्ता

७ जानेवारी, रविवार

पराभव क्रमांक अकरा! आजचे शल्यविशारद एक बसचालक महाशय होते. चहा निवण्याच्या आत त्यांनी माझी समग्र सेना कापून काढली आणि वर आस्थेने विचारले, "काका, पहिल्यांदाच का?" गेले चार रविवार मी त्याच डुगडुगत्या खुर्चीवर बसतो आहे.

पत्त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सहा टेबले आहेत. तेथे कमावती, वरकरणी शहाणी माणसे साठ-साठ पत्ते घेऊन एकमेकांवर अक्राळविक्राळ प्राणी सोडतात. माझ्या साठांत साठ निरनिराळे महारथी आहेत. एकेकटा प्रत्येक जण अजिंक्य. एकत्र आले की व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्यांसारखे — कोणी कोणासाठी जागचे हलत नाही.

मालकीणबाईंनी माझा संच चाळला. "काका, हा डेक नाही, हे प्रदर्शन आहे. कमी करा."

काय कमी करायचे, ते त्यांनी सांगितले नाही.

१० जानेवारी, बुधवार

नियमावलीचे पारायण केले. स्पर्धा १० फेब्रुवारीस, सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत समान विजय असलेल्यांचीच गाठ घालतात. म्हणजे विजेत्यासमोर विजेता, गाळासमोर गाळ.

मुंगी उतरणार आहे. (कन्यारत्नाचे घरगुती नाव. वय सव्वीस, उंची माझ्याहून दोन बोटे अधिक, तरी मुंगीच.) ती सहापैकी पाच तरी जिंकतेच. तिच्यासमोर बसायचे, तर मलाही तितकेच जिंकत वर चढावे लागेल.

चौदा महिने ती माझा फोन उचलत नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. आतला रेडिओ बंद झाला, दार उघडले नाही. परंतु स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यासमोर पन्नास मिनिटे बसावेच लागते. कलम नऊ. मी ते तीनदा वाचले.

१४ जानेवारी, रविवार

पराभव बारा, तेरा, चौदा.

घडले ते एकदा लिहूनच ठेवतो. मुंगीचे ठरलेले लग्न मोडले, त्याच आठवड्यात घरी अकरा नातेवाईक जेवायला होते. सगळे गप्प. मला शांतता सोसत नाही — हा माझा जुना विकार. उठलो, घसा खाकरला आणि घोषित केले, "वरसंशोधन समितीचा प्रथम अहवाल फेटाळण्यात आला असून माल विनातक्रार परत आला आहे." सगळे हसले. मेहुणीला तर ठसका लागला. मुंगीने चमचा खाली ठेवला.

"बाबा, तुम्हाला एक वाक्य साधं बोलता येत नाही का?"

मी त्यावरही एक सामासिक उत्तर दिले. तेही हशा घेऊन गेले. ती उठली, ती उठलीच.

माल! स्वतःच्या मुलीला माल म्हणालो.

१७ जानेवारी, बुधवार

औषधाच्या खिडकीशी आज एका आजींनी विचारले, गोळी जेवणाआधी की नंतर? मी 'भोजनोत्तर' म्हणालो. त्या तशाच उभ्या. मागच्या माणसाने समजावले, "जेवून घ्या, आजी." तीस वर्षे मी या इस्पितळात गोळ्या मोजून देतो आणि भाषांतर नेहमी रांगेतला दुसरा माणूस करतो.

२१ जानेवारी, रविवार

पराभव पंधरा. परंतु मालकीणबाईंचा धडा आज डोक्यात शिरला. उत्तम पत्ता एकच ठेवला, तर तो वेळेवर हाती येत नाही. तोच चार वेळा ठेवावा आणि बाकीची शोभा निर्दयपणे काढावी. साठांत पंधराच प्रकार, प्रत्येकी चार. कंटाळवाणे, म्हणूनच भरवशाचे!

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कत्तल मांडली. सुवर्णगरुड गेला. त्रिमुखी व्याघ्र गेला. शेवटी दीपधर हाती राहिला. हा अत्यंत फुसका पत्ता: हाती कंदील घेतलेला म्हातारा, बळ एक. नऊ वर्षांची असताना मुंगीने पेनाने त्याला चष्मा काढला होता आणि म्हणाली होती, "हे तुम्ही."

सौभाग्यवतींनी पाहिले. "तो काढणार नाही तुम्ही."

काढला. खिशात ठेवला.

२४ जानेवारी, बुधवार

पन्नास मिनिटांत काय बोलावे, त्याचा मसुदा सिद्ध केला. सात पाने. आरंभी क्षमेच्या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा.

फाडला.

२८ जानेवारी, रविवार

एक विजय! बसचालकांवरच! त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. पुढचे दोन डाव मात्र मी सणसणीत हरलो. पाच विजय कोठून आणणार? संच सुधारला, चालवणारा तोच आहे. हाती योग्य पत्ता असतो तेव्हा मी भारी पत्ता टाकतो. लोकांनी वाहवा करावी म्हणून. पत्त्यांतही!

३० जानेवारी, मंगळवार

मसुदा दुसरा: दीड पान. 'अनवधानाने' हा शब्द तीनदा आला. अनवधान कसले? मी तर वाक्य जुळवून उठलो होतो.

४ फेब्रुवारी, रविवार

सर्व डाव हरलो. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा अवस्था गंभीर असते, हे मला इस्पितळामुळे कळते.

घरी आलो तर शेजारच्या खोलीत सौभाग्यवती मुंगीशी फोनवर बोलत होत्या. मी दाराशी उभा. 'हो', 'खातात', 'नाही, तसेच आहेत.'

९ फेब्रुवारी, शुक्रवार

संचाची यादी पाठवली. साठ. दीपधर नाही. मसुदाही नाही. सगळे खोडत खोडत दोन शब्द उरले, आणि ते मोठ्याने उच्चारून पाहिले तर आरशात मला हसू आले. हसू! या माणसाचे काय करावे?

सौभाग्यवतींनी विचारले, "जिंकायला जाताय की दिसायला?" मी म्हणालो, उभयार्थी. त्यांनी दिवा मालवला.

१० फेब्रुवारी, शनिवार, दुपार

सभागृहाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. सर्व संपले.

सकाळी निघताना दीपधर खिशातून काढून संचात घातला. ठेवीन एकच, म्हटले. त्याच्या जागी एक जलस्तंभ काढीन. तेवढ्यात आतून डब्याची हाक आली. डबा घेतला. जलस्तंभ काढला नाही. पहिल्याच फेरीला पंच तपासणीस आले. पत्ते मोजले, पुन्हा मोजले. एकसष्ट. यादीत साठ. तो डाव न खेळताच हरलो. पंचांनी नियमानुसार पुकाराही केला — टेबल एकतीस, एक पत्ता जास्त! तीस वर्षे दहा-दहा गोळ्या मोजणारा मी! दीपधर परत खिशात.

त्या वेळी मुंगी एक नंबरच्या टेबलाशी पाठमोरी बसलेली दिसली. तिने तो डाव जिंकल्याचे मी फळ्यावर पाहिले. नंतर फळ्याकडे गेलोच नाही. आमची टेबले दाराशी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. तिची तिकडे, उजेडाखाली. मध्ये शंभर डोकी.

दुसरी हरलो. तिसरी हरलो. चौथीत पंच्याहत्तरीचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मला हरवून वर माझे पत्ते नीट रचून दिले.

शून्य विजय. ती आता चारवर असेल. उरलेल्या दोन्ही फेऱ्या जिंकलो तरी तिच्या पायरीला पोचत नाही. हा हिशेब मलासुद्धा जमतो. अर्धे लोक घरी गेले. मीही जावे. पण डबा अजून उघडलेला नाही, आणि घरी जाऊन काय सांगणार? निदान पाचवी हरून जातो.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

पाचवी जिंकलो. कशी ते माहीत नाही, साधे पत्ते टाकत गेलो.

सहावीला मी टेबलाशी बसलो होतो, मान खाली. समोरची खुर्ची ओढली गेली. मुंगी.

पंचांच्या चिठ्ठीवर आम्हा दोघांच्या नावापुढे एकच आकडा होता. एक विजय. दुसऱ्या फेरीपासून ती दरवेळी बसायची, हात मिळवायची आणि डाव सोडून द्यायची. पंचांनी तिला दोनदा विचारलं म्हणे, बरं नाही का?

ती पत्ते पिसत म्हणाली, "वर यायला तुम्हाला जमणार नव्हतं, बाबा. पण एक तरी जिंकाल असं वाटलं."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

हसू आलं नाही.