हवालदाराने लावलेलं दार

चिरंजीव धम्मरत्न यास (तू आता टीव्हीतला माणूस झालास, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावं की ‘श्रीमान’, या विचारात एक कागद वाया गेला), सुरतेच्या उधन्याहून तुझ्या चंदूमामाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना ओरडतो. तुझ्या आईचं ब्लडप्रेशर गोळीने ताब्यात आहे, ती गोळी घेते त्या दिवशी. तुझी तब्येत कशी आहे? मुख्य म्हणजे घसा कसा आहे? थंड पाणी पिऊ नकोस. हे मी नुसतं मामा म्हणून सांगत नाही. तुझ्या घशावर सध्या आमच्या अख्ख्या गल्लीची शांतता अवलंबून आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हं मामा, बोला मामा, रेकॉर्डिंगला चाललोय मामा’ एवढंच म्हणतोस, आणि ही हकिगत ‘हं’मध्ये मावणारी नाही.

तू मुंबईत आवाज द्यायचं काम करतोस हे आम्हाला माहीत होतं. कुणाला देतोस ते तू कधी सांगितलं नाहीस. तुझी आई लोकांना ‘धम्मा रेकॉर्डिंगच्या ऑफिसात आहे’ असं सांगायची, आणि लोक समजायचे की तू तिथे कुलूपकिल्ली सांभाळतोस. अशात उन्हाळ्यामध्ये शीतलने (समोरच्या प्रवीणची बायको, प्रवीण एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर असतो आणि घरी आला की इंटरनेटवर असतो) आमच्या टीव्हीला आपला मोबाईल जोडून ‘नौवां चाँद’ लावलं. परदेशी मालिका, पण सगळे गोरे लोक अस्खलित हिंदी बोलतात. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही म्हणून माणसं एका भल्यामोठ्या यानात बसून निघाली आहेत आणि ते यान काही केल्या पोचत नाही. (रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवं विज्ञान काही दिसलं नाही.) तुझी आई आणि शेजारची धुरपदाबाई नेहमीसारख्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. बाजारातून गठ्ठे येतात, सुटे दोरे कापायचे, मग एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, झटकायचं आणि जवळ येत येत घडी घालायची. दोघी तू शाळेत जायला लागलास तेव्हापासून हे काम एकत्र करतात. तर त्या यानातला एक दुय्यम माणूस, टक्कल पडलेला, गालावर व्रण असलेला, यानातली हवा कुणाला किती द्यायची ते ठरवणारा, तोंड उघडून बोलला आणि तुझ्या आईच्या हातून साडीचं टोक सुटलं.

“हा धम्मा आहे,” ती म्हणाली.

आम्ही समजावलं की हा कुणीतरी परदेशी माणूस आहे. तिने ऐकलं नाही. लांब वाक्याच्या आधी तू नाकाने जो श्वास घेतोस, तो तिने ओळखला होता. लहानपणी दम्यासारखा खोकला झाला तेव्हा रात्ररात्र तो श्वास ऐकत कोण बसलं होतं, असं तिने आम्हाला विचारलं. शीतलने मोबाईलमध्ये शोधलं तर शेवटी खरोखर तुझं नाव निघालं, बारीक अक्षरात, चहा आणणाऱ्यांच्या जरासं वर. धुरपदाबाईने तिथल्या तिथे तुझी दृष्ट काढली, म्हणजे टीव्हीचीच काढली. त्या माणसाचं मूळ नाव आमच्यापैकी कुणाच्या जिभेला वळेना. हवेचा कारभार बघतो म्हणून गल्लीने त्याला हवालदार म्हणायला सुरुवात केली. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या खोलीत इतकी माणसं जमू लागली की मला माझ्याच घरात दारात उभं राहून बघावं लागे.

मग तो दाराचा भाग आला. तुला काय सांगायचं, तूच बोलला आहेस. तिसऱ्या डब्याला भोक पडतं (यानात डबेच आहेत, तू काही म्हण), हवा निघून चालते, आत माणसं आहेत, आणि हवालदार मधलं दार लावून घेतो. आतली माणसं जातात, बाकीचं यान वाचतं. पुढे तो कॅप्टनला शांतपणे सांगतो की आतून काही आवाज येत नव्हता, सगळं आधीच संपलेलं होतं. त्या शनिवारी आमच्या घरात चहा कुणी प्यायला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत दोन तट पडले. प्रवीणचं म्हणणं, हवालदारामुळेच सगळे जिवंत आहेत, आणि जगभर त्याच्या बाजूचे लोक आहेत, हे बघा मोबाईलवर. शीतलचं म्हणणं, तो खुनी आहे, आणि जगभर त्याच्या विरुद्धचेही लोक आहेत, हे बघा त्याच मोबाईलवर. दोन दिवस प्रवीण स्वतःच्या आईकडे जेवला. उखा रिक्षावाल्याने रिक्षाच्या मागे ‘हवालदार सही था’ असं लिहून घेतलं आणि खऱ्या हवालदाराने त्याला दोनदा अडवून याचा अर्थ विचारला. तुझी आई पहिल्या दिवसापासून तुझ्या, म्हणजे त्याच्या, बाजूची. त्याला कुणी काही बोललं की ती पदर खोचून उभी राहायची. तो यानात एकटा आहे, त्याला जेवायला कुणी विचारत नाही, जबाबदारी सगळी त्याच्यावर टाकतात आणि नंतर नावं ठेवतात. हे ती कुणाबद्दल बोलत होती ते सगळ्यांना कळत होतं.

आणि धुरपदाबाई विरुद्ध. ती वाद घालत नव्हती. एकदाच तुझ्या आईला म्हणाली, “केशरबाई, तुना हवालदारनी मानसं मारी टाकात,” आणि घरी निघून गेली. नंतरच्या शनिवारी आली नाही.

मी ठरवलं की वडीलधारा माणूस म्हणून यात आपण पडायला हवं. (इथे तू हसणार, तर हसून घे.) रविवारी सकाळी नाक्यावरच्या ओट्यावर सगळ्यांना जमवलं आणि दोन शब्द बोललो. माझं म्हणणं साधं होतं. दार लावण्याच्या विषयात या गल्लीत माझ्याइतका अनुभव कुणाला नाही. चलथाणच्या बाजूला रेल्वे फाटकावर माझी सगळी नोकरी झाली. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले फाटकापाशी येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, कुणी म्हणायचं बाळंतीण आहे, कुणी म्हणायचं मयत आहे, पण गाडी येताना मी फाटक उघडलं नाही. ज्याच्या हातात फाटक असतं त्याने बाहेरचा आवाज ऐकायचा नसतो, असं मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं असं मला वाटलं. प्रवीणने टाळी वाजवली. तेवढ्यात माझं लक्ष धुरपदाबाईकडे गेलं. ती उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच चालत निघून गेली.

तुझ्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी ओट्यावरून खाली उतरलो. “चंदू,” ती म्हणाली, “हिलालभाऊ.”

तुला हिलालभाऊ, धुरपदाबाईचे यजमान, आठवत नसतील. तू अगदी लहान होतास, तुला खांद्यावर बसवून पतंग दाखवायचे. सचिन गावाकडच्या एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या, कारखान्यात कामाला होते. (तो कारखाना आता नाही, शेडही पाडली.) मागच्या गोदामाला आग लागली. पुढच्या मशीन वाचाव्यात म्हणून कुणीतरी मधलं शटर ओढलं. हिलालभाऊ आणि आणखी दोघे आत होते. धुरपदाबाई कित्येक महिने त्या गेटवर जाऊन एकच गोष्ट विचारायची, आतून काही हाक आली होती का? मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी तिला एकच उत्तर दिलं. आतून आवाज आला नाही, मावशी, आत कुणी आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. तिच्याबरोबर गेटवर कोण जायचं? तुझी आई. म्हणजे ते उत्तर तिनेही तितक्याच वेळा ऐकलं होतं, आणि आता तेच उत्तर तुझ्या आवाजात आमच्या टीव्हीतून आलं होतं.

आई त्याच दिवशी तिच्या दारात गेली. धुरपदाबाईने पाणी दिलं, बस म्हणाली, पण बोलली नाही. आईलाही काय बोलावं कळेना. हवालदार चुकला असं म्हणायला तिची जीभ वळेना, कारण तिला तो तू वाटत होतास. दोघी पाणी पिऊन उठल्या. त्यानंतर साड्यांचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. मी टोक धरतो तेव्हा झटका उशिरा बसतो आणि काठ काठाला लागत नाही. सेठच्या माणसाने एक अख्खा गठ्ठा परत पाठवला आणि विचारलं की या घड्या कुणी घातल्या, माणसाने की वाऱ्याने. तुझी आई हसली नाही. जेवताना ताटात भाकरी तशीच राहायची. शनिवारी टीव्ही लागायचा, पण ती फक्त तुझा आवाज येई तेव्हा वर बघायची, आणि धुरपदाबाईची नेहमीची जागा, खिडकीखालची, गर्दीतही कुणी घेत नसे.

गेल्या शनिवारी त्याच्यावरचा खटला होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि जिन्यावरही माणसं बसली होती. सगळ्यांना वाटत होतं की हवालदार स्वतःला सोडवून घेणार. प्रवीणने तर तो काय काय मुद्दे मांडेल ते आधीच सांगून ठेवलं होतं. हवालदार उठला, नाकाने श्वास घेतला आणि म्हणाला, “दरवाज़ा मैंने बंद किया। मुझे उनकी आवाज़ सुनाई दे रही थी। मैंने झूठ कहा था।” पुढे काही नाही. माफी नाही, कारण नाही. नुसता उभा राहिला.

मी दारात होतो म्हणून मला दिसलं, धुरपदाबाई तिच्या उंबऱ्यावर उभी होती. भिंत पातळ, तिला दर शनिवारी सगळं ऐकू येत असणार. ती आली. लोकांनी सरकून वाट दिली. खिडकीखाली जाऊन बसली आणि टीव्हीकडे बघत राहिली, मालिका संपून खाली नावं सरकायला लागली तरी.

तुझी आई तिच्याजवळ सरकली. “धुरपदा, हे त्याच्या मनातलं नाही गं. त्याला लिहून देतात, तो वाचतो.”

“माले ठाऊक शे,” धुरपदाबाई म्हणाली. ठाऊक आहे मला. “पन बोलना तं तो.” पण बोलला तर तो.

मग ती रडली. मोठ्याने रडली, अंग हलवून. मी तिला हिलालभाऊंच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा ती गेटवर भांडत होती, रडायला तिला सवड नव्हती. आईने तिला धरलं. शीतलने सगळ्यांना घराबाहेर काढलं, त्यात मलाही काढलं. प्रवीण जिन्यावर बसून राहिला आणि त्याने मोबाईल खिशातून काढला नाही, याची मी इथे मुद्दाम नोंद करतो.

सोमवारी दोघी घड्या घालायला बसल्या. फार बोलत नाहीत. पण आईने त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. गल्लीतले तट मात्र आहेत तसेच आहेत. फरक इतकाच की हवालदार बरोबर म्हणणारे आता म्हणतात की त्याने कबूल करायला नको होतं, आणि चूक म्हणणारे म्हणतात की निदान कबूल तरी केलं. उखाने रिक्षामागचं पुसलेलं नाही, पुढे प्रश्नचिन्ह घातलं आहे. मी कुठल्याच बाजूचा नाही. ओट्यावर मला पुन्हा बोलू देणार नाहीत, असं गल्लीचं ठरलं आहे. तेवढ्या एका मुद्द्यावर दोन्ही तटांचं एकमत आहे.

घशाची काळजी घे. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना, आणि तो कॅप्टनला आवाज देणारा भेटला तर त्यालाही, आमचा जयभीम सांग. (कॅप्टन मला आवडत नाही, पण त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.)

तुझा,
चंदूमामा

ता. क. – प्रवीण आणि शीतल दोघांनी वेगवेगळं येऊन विचारायला सांगितलं आहे की पुढच्या भागात हवालदार वाचतो का. नियमाने सांगता येत नसेल तर सांगू नकोस. फक्त पुढचं रेकॉर्डिंग तुला मिळालं आहे की नाही एवढं लिही, आम्ही समजून घेऊ.

ता. क. – वरचं सगळं तुझ्या आईने वाचलं. ती म्हणते, ती कधीच पदर खोचून उभी राहिली नाही, जेवणही व्यवस्थित चालू होतं आणि तुला कामं सोडून यायची मुळीच गरज नाही. मुंबईहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं का, हे तिने मला सहज म्हणून विचारलं. भात टाकायच्या आधी कळवलंस तर बरं, असंही सहजच म्हणाली.

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण हे. धुरपदाबाईने तुला जेवायला बोलावलं आहे. जेवण झाल्यावर ती तुला ते खटल्यातलं वाक्य एकदा म्हणायला सांगेल. हिंदीत नको, तिला कळेल अशा आपल्या बोलीत. हिलालभाऊंच्या फोटोसमोर. मी तिला म्हणालो, अगं तो कलाकार आहे, त्याला अवघड वाटेल. ती म्हणाली, दुसरं कुणी म्हणायला आलं नाही. तेव्हा नाही म्हणू नकोस, धम्मा. आणि अभिनय करू नकोस.