लाल पान आल्यास ‘पुढे जा’ म्हणण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
अवयव प्रतीक्षायादी कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय, दुसरा मजला.

विषय : आज सकाळी माझ्या आईच्या नावाने नोंदवला गेलेला नकार आमचा नसल्याबाबत, आणि मूत्रपिंड पुढच्या रुग्णाकडे रवाना होण्यापूर्वी थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) लॉगिनच्या पानाबाबतचा माझा पहिला अर्ज व आपल्या कार्यालयाचे उत्तर. २) त्याच पानाबाबतचा दुसरा अर्ज व उत्तर. ३) आज खिडकीवर मिळालेली तोंडी सूचना : “लेखी द्या.”

महोदय,

१. माझी आई आपल्या मूत्रपिंड प्रतीक्षायादीवर आहे. ती पुस्तकबांधणीचे काम करते आणि किडन्या निकामी झाल्यापासून याच इमारतीत, तळमजल्यावर, डायलिसिसला येते. यादीवरच्या रुग्णाने दर महिन्याला आपल्या कक्षाच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘मी उपलब्ध आहे’ असे कळवायचे असते. रुग्णाचा फोन नंबरही तिथेच नोंदवलेला असतो. अवयव मिळाला की कक्षातून त्या नंबरवर फोन जातो. हा अर्ज त्या फोनबद्दल आहे. मी सगळे क्रमाने लिहीत आहे, कारण अर्धवट लिहिल्यास त्याचा भलताच अर्थ लागतो असा माझा अनुभव आहे. आपण घाईत असाल तर परिच्छेद ७ आधी वाचावा.

२. गेले काही महिने लॉगिनचे पान उघडण्याआधी ब्राउझर एक लाल पान दाखवतो. ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे त्यावर लिहिलेले असते. प्रतीक्षागृहात आपल्या कक्षाची सूचना लावलेली आहे : ‘लाल पान आल्यास घाबरू नये. प्रगत या शब्दावर क्लिक करून पुढे जा म्हणावे.’ संगणक कक्षातले तंत्रज्ञ, ज्यांना सगळे रुग्ण वायरकाका म्हणतात, त्यांना मी कारण विचारले होते. ते म्हणाले, “ताई, ते लाल पान म्हणजे घरचं कुत्रं. रोजच्या माणसावरही भुंकतं. आपण आपलं आत जायचं.” मी म्हटले, काका, रोज भुंकणाऱ्या कुत्र्याची पंचाईत अशी की चोर आला तरी ते तसेच भुंकते. ते हसले आणि म्हणाले, “चोर इथे येऊन काय नेणार, सलाइन?”

३. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. संगणक हा माझा विषय नाही, पण इशारा वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही हे प्रयोगशाळेत अंगवळणी पडले आहे. म्हणून मी लाल पानावरचा बारीक मजकूर वाचला. संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते. ‘मी तेच संकेतस्थळ आहे’ असे ते ब्राउझरला सांगते आणि त्यावर एका मान्यताप्राप्त संस्थेची सही असते. आपल्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती, एवढेच. मी पहिला अर्ज दिला. त्यात लिहिले : ‘प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. कृपया नवीन घ्यावे.’ उत्तर आले : ‘आपल्या मातोश्रींच्या तंदुरुस्ती प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे आपण स्वतः कळवल्यावरून त्यांचे नाव तात्पुरते निष्क्रिय करण्यात येत आहे.’ आईच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. हृदयाच्या तपासणीला रांगेत उभी असताना ती मला म्हणाली, “तू त्या पानाचं बरं करायला गेलीस आणि मलाच आजारी पाडलंस.” तपासण्या चांगल्या आल्या आणि नाव पुन्हा सक्रिय झाले. चूक माझ्या वाक्यात होती असे मी धरून चालले, आणि पुढच्या वेळी शब्द जपून वापरायचे ठरवले.

४. त्यानंतर लाल पान बदलले. लांबून ते तसेच दिसते. रंग तोच, ‘पुढे जा’ तेच. पण प्रतीक्षागृहात आईच्या फोनवर बारीक मजकूर वाचला तेव्हा मुदत संपल्याचा उल्लेखच नव्हता. प्रमाणपत्र अगदी ताजे होते. सही करणारी संस्था मात्र कोणालाच माहीत नसलेली होती, म्हणजे प्रमाणपत्र देणारा आणि घेणारा एकच. मी फोनचे वाय-फाय बंद केले, फाटकापर्यंत चालत गेले आणि तेच पान मोबाइलच्या जोडणीवर उघडले. तिथे जुनेच, मुदत संपलेले प्रमाणपत्र दिसले. परत आत येऊन वाय-फाय लावले, पुन्हा ताजे. फोन तोच, पत्ता तोच, बदलली फक्त जागा. याचा अर्थ प्रतीक्षागृहातले रुग्ण आणि आपले संकेतस्थळ यांच्या मध्ये तिसरे कोणीतरी बसलेले आहे. ते रुग्णाला रुग्णालय म्हणून दिसते आणि रुग्णालयाला रुग्ण म्हणून. पाकीट कितीही घट्ट चिकटवले तरी ते भलत्याच माणसाच्या हातात दिले तर तो ते आरामात उघडतो, वाचतो, नवे पाकीट चिकटवून पुढे पाठवतो, आणि दोन्हीकडच्यांना सगळे सुरळीत वाटते. मुदत संपलेली बाटली आणि चिठ्ठी बदललेली बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपली सूचना मात्र दोन्ही सारख्याच उघडायला सांगते. आईने त्याआधीच, सूचनेप्रमाणे, प्रतीक्षागृहात ‘पुढे जा’ म्हणून पासवर्ड आणि फोनवर आलेला ओटीपी टाकलेला होता. मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, भिंतीवर छापून लावलंय. छापलेलं खोटं कसं असेल?” ती जन्मभर छापलेलेच बांधत आली आहे.

हे सर्व मी दुसऱ्या अर्जात लिहिले. कार्यालयाचे उत्तर एका ओळीचे होते : ‘प्रमाणपत्र नवीन असल्याचे आपणच नमूद केले आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ मी घरी जाऊन आईचा पासवर्ड बदलायचा प्रयत्न केला. त्यासाठी नोंदवलेल्या फोनवर ओटीपी येतो. तो आलाच नाही. वायरकाका म्हणाले, “सर्व्हर दमलाय, येईल सावकाश.” ओटीपी तेव्हाच भलत्याच फोनवर पोहोचलेला होता, हे मला आज कळले.

५. आईच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक असत. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. डायलिसिस चालू असताना ते आईकडून बांधणीचे टाके समजून घेत आणि तिच्याच चुका काढत. फोन ते उशाशी ठेवत आणि नर्सने हलवला तर रागावत. “माझा नंबर लागला आणि मी आंघोळीला गेलेलो असलो तर?” असे म्हणत. आता ती खाट दुसऱ्या कोणाला मिळाली आहे. त्यांच्या पत्नी नंतर कागद न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी आईला सांगितले की गुरुजींच्या नोंदीत नकार लिहिलेले आहेत, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की वयामुळे माणूस घाबरतो, घरच्यांना सांगत नाही. पत्नीने ते मान्य केले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “तो माणूस नको म्हणणारा नव्हता गं. तो तर दुसरा चहासुद्धा नको म्हणायचा नाही.” मी हे आज लिहीत आहे, कारण आज आमच्यावर तेच आले.

६. आज सकाळी आईला डायलिसिसला आणले, तेव्हा तिचा फोन नंबर समक्ष तपासून घ्यावा म्हणून मी आपल्या खिडकीवर गेले. तिथल्या लिपिकांना रुग्ण लेखीसाहेब म्हणतात. ते संगणकात पाहून म्हणाले, “ताई, तुम्हाला तर आज फोन झाला. किडनी आली होती, जुळतही होती. तुम्हीच नको म्हणालात.” मी म्हटले, आम्हाला फोन आलेला नाही. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. आईचे नाव बरोबर होते, पत्ता बरोबर होता. फोन नंबर आमचा नव्हता. मी म्हटले, हा बदला. ते म्हणाले, “नंबर फक्त लॉगिन करूनच बदलता येतो. नोंदवलेल्या फोनवर ओटीपी जाईल, तो टाका.”

मी व्हरांड्यात जाऊन तो नंबर लावला. एका बाईने उचलला. आवाज शांत होता, मागे कुठलाही गोंगाट नव्हता. मी आईचे नाव घेतले आणि त्यांच्या घरचेच बोलत आहेत का असे विचारले. ती म्हणाली, “हो, मी त्यांची मुलगी बोलतेय. सकाळी दवाखान्यातून फोन आला होता. आईला ताप आहे, या वेळी नको, असं कळवलंय आम्ही.” मी आईची एकुलती एक मुलगी आहे, मला भाऊ-बहीण नाहीत. मी म्हटले, मुलगी मी आहे. ती जराही गडबडली नाही. म्हणाली, “मग नोंद पाहा ना. नोंदीत तुमचा नंबर आहे का?” आणि तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तेव्हा तो बंद होता.

हे मी लेखीसाहेबांना सांगितले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा उतरला हे मी पाहिले. पण त्यांच्यासमोर एक नोंद होती आणि एक मी होते, आणि नोंद अधिकृत होती. ते हळू आवाजात म्हणाले, “किडनीची पेटी अजून इमारतीतच आहे. पुढच्या रुग्णाचे घरचे निघालेत. तुम्ही लेखी द्या, साहेबांच्या सहीशिवाय मला नकार खोडता येत नाही.” म्हणून मी त्यांच्याच खिडकीच्या कठड्यावर हा अर्ज लिहीत आहे.

७. सबब विनंती अशी :

(अ) आईच्या नावासमोरचा आजचा नकार या अर्जावरून तत्काळ रद्द करावा आणि अवयवाची पेटी जिथे असेल तिथे थांबवण्याचा आदेश द्यावा. पुढच्या रुग्णाच्या घरच्यांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. त्यांना यातले काही ठाऊक असेल असे मी मानत नाही, आणि ठाऊक असले तरी ते सिद्ध करायला मजजवळ आज वेळ नाही.

(आ) ओळख पटवण्यासाठी पासवर्ड किंवा ओटीपी मागू नये. दोन्ही आमच्याकडे उरलेले नाहीत. आईच्या रक्ताचा नमुना ऊतकजुळणीसाठी आपल्याच प्रयोगशाळेत ठेवलेला आहे. तिच्या दंडातून आत्ता रक्त घ्यावे आणि त्याच्याशी ताडून पाहावे. फोनवरच्या बाईला आईचे नाव, पत्ता आणि आजार माहीत आहे, पण रक्त तिला टाइप करून पाठवता येणार नाही.

(इ) प्रतीक्षागृहातले वाय-फाय बंद करावे आणि ती सूचना आजच काढावी. काढताना ती फाडून टाकू नये, कारण ती वाचून किती जणांनी ‘पुढे जा’ म्हटले याची चौकशी करावी लागेल. प्रतीक्षायादीत ज्यांच्या नावापुढे नकार आहेत, त्या प्रत्येकाच्या घरी नोंदीतल्या नंबरवर नव्हे, तर माणूस पाठवून विचारावे. काही घरांत उत्तर द्यायला रुग्ण नसेल.

(ई) मी यात कुठे ‘प्रमाणपत्र’, ‘नवीन’, ‘मुदत’ असे शब्द वापरले आहेत, त्यांचा आईच्या तब्येतीशी संबंध जोडू नये. आईला ताप नाही. मी हा परिच्छेद लिहिण्यापूर्वी नर्सकडून मोजून घेतला आहे.

महोदय, शरीराबाहेर काढलेले मूत्रपिंड बर्फात किती काळ टिकते हे आपण माझ्याहून अधिक जाणता. मी अर्ज लिहायला घेतल्यापासून त्यातला काही काळ गेला आहे, आणि आपण इथपर्यंत वाचेपर्यंत आणखी जाईल. सही करताना या अर्जातले एखादे वाक्य आपल्याला संदिग्ध वाटले, तर कृपया उत्तर पाठवू नये. मला आत बोलवावे. मी खिडकीपासून हललेली नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार

(सही)
रुग्णाची मुलगी

दिनांक : आजचा, नकाराच्या नोंदीवर आहे तोच.

सोबत :
१. पहिला व दुसरा अर्ज, उत्तरांसह.
२. दोन्ही लाल पानांची छायाचित्रे. लांबून सारखी दिसतात. खालचा बारीक मजकूर वाचावा.
३. नर्सच्या सहीचा तापाचा कागद.
४. रुग्ण स्वतः. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर. सकाळपासून तिने काही खाल्लेले नाही. मी चहा दिला तर म्हणाली, “नको, भूल द्यायची झाली तर पोट रिकामं हवं.” आज आमच्याकडून आलेला नकार एवढाच आहे.