कोतवालीत जमा झालेला ओल्ड फॅशन्ड

बालाजी घाट, वाराणसी
माघ वद्य पंचमी

आदरणीय रत्नाकरराव यांना वेणीमाधवचा साष्टांग नमस्कार (प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही, कागदावर घालायला काही हरकत नाही).

तुमची साखर आणि बाणेरचे पाण्याचे टँकर, दोन्ही वेळच्या वेळी येत-जात असतील अशी आशा आहे. रुचीवहिनींच्या मानेचा पट्टा सुटला का, ते कळवावं. आमच्याकडे बिंदुमाधवकाका ठणठणीत आहेत. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सकाळी घाटावर यजमानांची श्राद्धं उरकून ते बाराला घरी येतात, आणि तिथून रात्रीच्या जेवणापर्यंत तुमच्या बहिणीला हाका मारतात. चष्मा कुठे आहे, तपकिरीची डबी कुठे आहे, आज चतुर्थी आहे की पंचमी. देवश्रीची प्रकृती विचाराल तर ती उत्तम ओ देते.

तर पत्रास कारण तुमची बाटली. पौषात तुम्ही सासऱ्यांच्या तीर्थश्राद्धाला आलात, काकांनी ते यथासांग केलं, आणि जाताना तुम्ही पंच्यात गुंडाळलेली व्हिस्की माझ्या कपाटात ठेवून गेलात. दर्भ, काळे तीळ आणि ही बाटली एकाच पिशवीतून पुण्याहून कशी आली हे मी विचारलं नाही. (विचारायला हवं होतं का? त्या तारखेला डायरीत मी फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.) वर तुम्ही अकरा आवाजी संदेश पाठवून ओल्ड फॅशन्ड या पेयाची कृती सांगितलीत. कंपनीने तुम्हाला आठ महिने परदेशी ठेवलं ते याच विद्येसाठी, असा माझा समज झाला आहे. चौथ्या संदेशात तुम्ही म्हणता की हे गाढवालाही जमेल. त्या प्राण्याविषयी माझा आदर तेव्हापासून वाढला आहे.

मी या भानगडीत पडलो त्याचं कारण तुमचा आग्रह नव्हे. गेल्या महिन्यात आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. तुला काय हवं, असं मी देवश्रीला विचारलं. तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही (डायऱ्या मागे जाऊन तपासल्या, दोन हजार अकरा साली एकदा मिक्सर मागितला होता, तोही शेवटी तिनेच आणला). बराच वेळ ती भाजी निवडत राहिली, आणि मग म्हणाली, "सिनेमातल्या बायका बसतात ना, तसं एकदा हातात ग्लास घेऊन गच्चीत बसावं, आणि तो संपेपर्यंत मला कुणी हाक मारू नये." मी हे वाक्य त्याच दिवशी जसंच्या तसं लिहून ठेवलं. वीस वर्षांत एक मागणं, आणि तेही आपल्याला पुरवता येऊ नये, ही गोष्ट मला रोज टोचायला लागली. आणि कपाटात बाटली होतीच.

आता तुमच्या कृतीकडे येऊ. "सगळ्यांच्या घरात असतंच" या सदरात तुम्ही जे जे सांगितलंत, त्यातलं आमच्या घरात पाणी तेवढं निघालं. साखरेचे चौकोनी तुकडे हवेत म्हणालात. घरात खडीसाखर होती, पण ती देवाच्या डबीतली. ती घ्यावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी वेगळी पुडी आणली. मग ते बिटर्स. इथल्या कुठल्याही दुकानात ते नाव उच्चारलं की माणसं मला उंदराच्या औषधाकडे नेत. मिळालं नाही तर कुठलंही कडू चालेल, असं तुम्ही सातव्या संदेशात औदार्याने म्हटलंत, म्हणून मी गल्लीतल्या वैद्यांकडे काडेचिराइताचा काढा मागितला. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं नव्हतं, खरं सांगायचं नव्हतं, तेव्हा "वीस वर्षांची जुनी बाब आहे" म्हणालो. त्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली, आंबट बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलं. (हे खोटं झालं का? मी अजून ठरवू शकलेलो नाही. काढा मात्र दोन दिवस घेतला, निदान अर्धं तरी खरं व्हावं म्हणून.)

साठ मिलिलिटर मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण वापरलं. संत्र्याची साल काढताना आतलं पांढरं लागता कामा नये, या तुमच्या ताकिदीपायी सात संत्री सोलली गेली. सोललेली संत्री मी एकट्यानेच खाल्ली, कारण देवश्रीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. बर्फाचा एकच मोठा खडा हवा म्हणून वाटी फ्रीजमध्ये ठेवली, आणि तीन दिवस रोज दुपारी बत्ती गुल. चौथ्या दिवशी कुठे जमला. जाड बुडाचा काचेचा ग्लास आमच्याकडे नाही. शेवटचा काचेचा पेला तुमच्याच हातून फुटला, तुम्हाला आठवत नसेल. तेव्हा मी कपाटातलं चांदीचं फुलपात्र घेतलं, देवश्रीच्या माहेरून आलेलं. सगळा अनर्थ या फुलपात्राने केला.

मुहूर्त मी विचारपूर्वक निवडला होता. अमृतराव घाटावर भागवत सप्ताहाचा शेवटचा दिवस, काका तिकडे गेलेले, सातच्या आत येणं शक्य नाही. साडेपाचला मी देवश्रीला गच्चीत पाठवलं. तू फक्त बस, एवढंच सांगितलं. खाली स्वयंपाकघरात खडीसाखर विरघळवली, काढ्याचे थेंब टाकले, व्हिस्की ओतली, ढवळलं, बर्फ घातला, वर संत्र्याची साल पिळून अलगद सोडली. रंग काय सुरेख आला होता. ओट्यावर फुलपात्र ठेवून मी उरलेली खुर्ची वर पोचवायला गेलो. (दोन्ही एकदम का नेता आली नाहीत? हात दोन, वस्तू दोन. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.)

खुर्ची मांडतो न मांडतो तोच खालून देवघरातली घंटा ऐकू आली. आणि मागोमाग हाक, "देवश्री, ये गो, तीर्थ घे."

झालं होतं ते असं. कथेकरीबुवांचा घसा बसला आणि कथा अर्ध्यावर आटोपली. काका घरी आले. ओट्यावर चांदीचं फुलपात्र, त्यात सोनेरी पेय, बुडाशी खडीसाखर, वर फळाची साल. सप्ताहाच्या समाप्तीला सूनबाईंनी काही खास केलेलं दिसतं, असं त्यांना वाटलं. पन्नास वर्षांच्या तपकिरीने त्यांचं नाक केव्हाच निकामी केलं आहे; कापूर आणि रॉकेल त्यांना सारखंच. त्यांनी त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि देवाला नैवेद्य दाखवला.

मी बावीस पायऱ्या उतरून पोचलो तेव्हा ते डाव्या हाताने पळी भरून उजव्या तळहातावर ओतण्याच्या बेतात होते. रत्नाकरराव, त्या क्षणी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, याचा मी नंतर डायरीत दोन पानं विचार केला. पण तोंडाने विचार केला नाही. "काका, थांबा. त्यात व्हिस्की आहे."

काकांनी पळी खाली ठेवली. रागावले नाहीत, हेच वाईट. मांडी घातली, चिमूटभर तपकीर ओढली आणि परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारू लागले. कशाची करतात? जवाची. कोणी आणली? तुमचं नाव सांगितलं. (क्षमस्व. विचारल्यावर न सांगणं मला जमत नाही.) "श्राद्धाला आला होता तेव्हा?" हो. "दक्षिणा बरी दिली होती त्याने," एवढंच ते तुमच्याविषयी म्हणाले. दारात देवश्री उभी होती, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी म्हटलं, ओतून टाकतो. काका म्हणाले, "नैवेद्य दाखवलाय माधवा, मोरीत ओततोस? चोरीचा माल घरात सापडला तर काय करतात? कोतवालीत जमा करतात. चल."

काशीचा कोतवाल म्हणजे काळभैरव, आणि त्याला मद्य चालतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच; या विषयातलं तुम्हाला सगळंच ठाऊक असतं. तर पुढे काका, मध्ये फुलपात्रावर वाटी झाकून मी, मागे देवश्री, अशी आमची मिरवणूक गल्ल्यांतून निघाली. झाकलेलं चांदीचं पात्र आणि पुढे काका बघून लोक बाजूला होत होते, हात जोडत होते. शेजारचा विष्णु दूधवाला तर सायकल भिंतीला लावून ओंजळ पुढे करून उभा राहिला, "चरणामृत है, भइया?" मी म्हटलं, "नाहीं, कोतवाली का है." त्याने ओंजळ अशी मागे घेतली की जणू मी समन्स आणलं होतं.

पुजारी काकांच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी वाटी काढली, वास घेतला, आत डोकावले. "पंडितजी, ई का घोल लाए हैं? संतरा, पत्ती, बरफ? बाबा तो खालिस लेते हैं." काकांची मान खाली गेली. मद्य आणल्याची त्यांना लाज वाटली नव्हती, भेसळ आणल्याची वाटली. "लडकों ने बनाया है," ते पुटपुटले. (मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.) पुजाऱ्यांनी चूक पोटात घातली, अर्धं अर्पण केलं आणि अर्धं प्रसाद म्हणून परत दिलं.

प्रसाद नाकारता येत नाही. काकांनी मोठा श्वास घेतला आणि नुसता वास घेतला तरी प्रसाद पोचतो असं शास्त्र सांगून स्वतःला मोकळं केलं, त्या नाकाने. मग फुलपात्र देवश्रीकडे आलं. काळे गंडे विकणाऱ्या दुकानाशेजारी, उभ्याने, एका बाजूने स्कूटर जात असताना, तुमच्या बहिणीने आयुष्यातला पहिला ओल्ड फॅशन्ड प्यायला. मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "ताप उतरेल." राहिलेला घोट मी घेतला. निदान बरोबर होतं. तेवढ्यात काकांनी हाक मारली, "देवश्री, माझी डबी देवघरातच राहिली काय गो?"

अकरा संदेश, सात संत्री आणि चार दिवसांचा बर्फ यांतून इतकं निष्पन्न झालं. आपल्या मार्गदर्शनाबद्दल मी कायमचा ऋणी आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
वेणीमाधव

ता. क. उरलेली बाटली काकांनी ताब्यात घेतली आहे. ती पंचांगाशेजारी असते आणि दर रविवारी तीतली एक पळी कोतवालाकडे जाते, खालिस. पुढच्या खेपेस तुम्ही आणाल तेव्हा संत्री वगैरे सुचवू नयेत, असा त्यांचा निरोप आहे.

ता. क. दुसरा. एवढं सगळं लिहिलं ते एका मागणीसाठी, आणि ती करायला लाज वाटत होती. तुमच्या फोटोत दिसतात तसे जाड बुडाचे दोन ग्लास पाठवाल का? सगळी चूक फुलपात्राची झाली. काचेच्या ग्लासाला कुणी नैवेद्य दाखवत नाही. मला तिचं एवढं एकच मागणं पुरं करायचं आहे.

ता. क. तिसरा, यांचं पत्र टपालात टाकण्याआधी मी वाचलं म्हणून. दादा, देवश्रीचा नमस्कार. वरचं सगळं खरं आहे, यांना दुसरं लिहिता येत नाही. फक्त त्या दिवसाची डायरी मीही काढून बघितली. तीत माझं वाक्य जसंच्या तसं आहे, आणि त्यात व्हिस्की कुठेही नाही. ग्लासात ताक असतं तरी चाललं असतं. यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि चार दिवस बर्फ जमवला. ग्लास पाठवू नकोस. येत्या गुरुवारी बरोबर साडेपाचला काकांना फोन कर आणि तुझ्या परदेशाविषयी सांग, आठच्या आठ महिने. तासभर तरी थांबू नकोस, हे तुलाच जमेल. खुर्च्या वरच आहेत, दोन्ही.