लुंबिनीतले बगळे

घुग्घुस, मे १९८७

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितो आहे. काल शांताताई मार्कंड्याहून तुझ्या लुगड्यांचं गाठोडं न्यायला आली. अंगणात चिंच फोडता फोडता सहज म्हणाली, "माय सांगे मले, लुंबिनीत सारस होते. तुह्या भावाले ओळखू आले नाई म्हने, खाणीत राहून पाखरं विसरला. पन त्याले सांगू नको, वाईट वाटन त्याले." ताई हसत होती. मी उठून मोरीत गेलो, नळ सोडला आणि रडलो.

माय, मला ओळखू आले होते.

तुझ्याच पोटचा मी. सिंदेवाहीकडच्या तुझ्या माहेरच्या तलावावर मला खांद्यावर घेऊन कोणी सारस दाखवले होते? तूच ना? ती जोडी दरवर्षी अंडी घालायची आणि दरवर्षी काहीतरी व्हायचं. कधी पाणी चढायचं, कधी कुत्री यायची. लग्न होऊन निघेपर्यंत वाट पाहिली, पण पिलू काही दिसलं नाही, असं तू सांगायचीस. पुढे ती जोडीही दिसेनाशी झाली.

मागच्या नोव्हेंबरात डोळ्यांचं शिबिर आणि वस्तीची लुंबिनीची बस एकाच आठवड्यात आली. रजा एकदाच मिळणार होती. "आधी डोळे करू ना रे," तू म्हणालीस, "पाहाले जाचं आन् आंधळ्यावानी जाचं काय?" मी म्हणालो, डोळे कुठं पळून जातात? पुढच्या वर्षी करू. मग हट्ट करून तुला खिडकीची जागा मिळवून दिली. मोतीबिंदू पिकलेल्या बाईला खिडकी! आणि वर सगळ्यांना सांगत फिरलो, की मी मायला परदेश दाखवायला नेतो आहे.

सीमा ओलांडली तेव्हा तू विचारलंस, "आला का परदेस?" आला म्हटलं. तू खिडकीतून नाक बाहेर काढून वास घेतलास. "धान कापून राह्यले. मंग इथी बी आपल्यासारखंच हाय." सगळी बस हसली. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. का झालं, ते आता मलाही सांगता येत नाही.

बाकीच्या बाया माळा आणि तसबिरी घेत होत्या, तू झाडाखाली बसून कान लावायचीस. हा कोतवाल, हा खंड्या, हा कोण ते नाई समजत. चार दिवसांत सतरा पाखरं ऐकलीस आणि रोज बसमध्ये मला म्हणून दाखवलीस. मी हूं हूं करत होतो. बरोबरच्या माणसांशी गप्पा सोडून मला तुझ्याकडे वळावंसं वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

शेवटच्या दिवशी दर्शन करून आपण बांधावरून बसकडे येत होतो. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. कापलेल्या धानातून तो आवाज आला, लांबवर जाणारा, मोठा. एकाने हाक दिली की लगेच दुसऱ्याची ओ. तुझी बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"सारस तं नाई ना रे? पाह्य ना. सांग मले."

बसचा हॉर्न वाजत होता. यात्रा नेणारे गुरुजी पायरीवर उभे राहून हात हलवत होते. चाळीस माणसं आपल्यापायी खोळंबली होती. सारस म्हटलं असतं तर तू तिथून हलली नसतीस.

"बगळे आहेत माय," मी म्हणालो. "चल."

तू कान तिकडेच ठेवून पाऊल उचललंस. मग म्हणालीस, "असन."

उभा जन्म धानाच्या रोवण्यात वाकून काढलेल्या बाईला मी बगळे सांगितले. बगळा असा ओरडतो का गं? तू मला तिथेच दोन शिव्या का घातल्या नाहीस? मी खरंच पाखरं विसरलो असं तुला वाटलं, की खोटं कळलं आणि ताईपुढे मला झाकलंस? फेब्रुवारीत तापाने तू आठ दिवसांत गेलीस. त्या आठ दिवसांत मी रोज उशाशी बसत होतो, आणि हे सोडून सगळं बोललो.

तू पाह्य म्हणालीस ना? मी पाहिलं होतं, माय. बांधापासून पन्नास पावलांवर होते. राखी अंग, माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, मान लाल. हाक देताना दोघंही चोच आभाळाकडे करायचे. आणि दोघांच्या मधे तिसरं होतं, ठेंगणं, तांबूस डोक्याचं. ते ओरडत नव्हतं, म्हणून तुला कळलं नाही.

पिलू होतं, माय.

ताई उद्या सकाळच्या गाडीने जाईल. आज तिला समोर बसवून हे पत्र मोठ्याने वाचणार आहे, तुझ्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने. पिलाशी आलो की थांबेन. तू म्हणशील तितका वेळ थांबेन.

तुझा,
मिलिंद