हंसाने बोंबील सोडला

बोईसर, ता. पालघर, जि. ठाणे
१२ डिसेंबर १९६७

तीर्थस्वरूप सोजराअक्कास,
धाकट्या नागोरावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? म्हशीला माझी आठवण येते का? (दाजींना येत नाही, हे ठाऊक आहे.) मी ठणठणीत आहे. पत्र संपेपर्यंत एवढं ध्यानात ठेव.

तर झालं असं. गेल्या महिन्यात आमच्या विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर जेवणाच्या सुट्टीत जीप आली. जवळच्या दांडी गावातल्या मच्छीमारांची हंसा नावाची पोर बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं, आणि पालघरच्या डॉक्टरांना रक्त देणारी माणसं हवी होती. पैसे मिळणार नाहीत, हेही सांगितलं. त्यासरशी शंभर माणसांना शंभर कामं आठवली. कुणाचा उपास, कुणाचा पाय मुरगळलेला. आमचा शिवाजी मुकादम (जो सिमेंटची गोणी उशीसारखी उचलतो) म्हणाला, आमच्या घराण्यात रक्त मुळात कमीच. उठलो दोघेच, मी आणि चंद्रभान गवंडी. सुई बघून मी डोळे मिटले आणि महादेवाचं नाव इतक्या मोठ्यानं घेतलं, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हात जोडून उठून बसला. बाटली भरली, चहा मिळाला, आणि हंसा वाचली.

खरी भानगड पुढेच आहे. पंधरा दिवसांनी तिची सासू काशीबाई माझ्या खोलीच्या दारात उभी. आभार मानायला आली असेल म्हणून मी चहा ठेवला. ती भांडायला आली होती. हंसा घरी आल्यापासून मासळी तोंडात घालत नव्हती, नुसत्या वासानं तिला उमळून येई. अंगावर दूध नाही, पोर रडतंय, आणि साऱ्या दांडीनं निकाल दिला होता की हा त्या शाकाहारी भाऊचा, म्हणजे माझ्या रक्ताचा, गुण. "तुमचं रगत हाय तिच्यात," काशीबाई म्हणाली. "तुमी खाल्ल्याबिगर ती खायाची नाय." मी डॉक्टरांचं शास्त्र सांगितलं, रक्ताला आवडनिवड नसते वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं डोळे पुसले. मग मी शास्त्र बाजूला ठेवलं.

आता बसून वाच. रविवारी दांडीला गेलो, हंसासमोर पाटावर बसलो आणि तळलेला बोंबील खाल्ला. (अर्धाच. उरलेला मांजरानं ओढला. त्याचं भलं होवो.) माझं तोंड बघून ती पोर आधी गालात हसली, मग पोट धरून हसली, आणि हसता हसता तिनं दुसरा बोंबील उचलून स्वतःच्या तोंडात घातला. काशीबाई चुलीकडे तोंड करून उभी राहिली, ती बराच वेळ वळली नाही. आता हंसा रोज जेवते. बाळाचं पोट भरतं.

दाजींना यातलं कळू देऊ नकोस. थोरांना नमस्कार, लहानांना पापा, म्हशीला पेंड.

तुझा,
नागोराव

ता. क. काल डॉक्टर भेटले. हंसाला चढवली ती चंद्रभानची बाटली. तो दर रविवारी कोंबडा संपवतो. माझी दुसऱ्याच कुणाला गेली, कुणाला ते सांगत नाहीत. काशीबाईला मी काही बोललो नाही. सून जेवतेय ना, मग झालं.

आणखी एक ता. क. अक्का, पाच वर्षांपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात बाळंतपणात तुझ्यासाठी रक्त मागितलं, तेव्हा मी दाजींना बोलवायला गेलो होतो असं तुला सांगितलं. ते खोटं. भिऊन मोटारस्टँडवर बसून राहिलो होतो. कुणा अनोळखी माणसानं दिलं म्हणून तू आहेस. तुझं बाळ मात्र राहिलं नाही. हंसाला भाऊ नाही, लांबलेलं बारसं आता पुढच्या महिन्यात आहे, आणि मामाकडचं आंगडं-टोपडं माझ्याकडे मागितलंय. तुझ्या बाळासाठी शिवलेलं तुझ्या पेटीत तसंच ठेवलेलं आहे, मला माहीत आहे. मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. देववलं नाही तर राहू दे. राग आला असेल तर रागानं लिही, पण लिही.