कमरेइतकं पाणी

२ मार्च

अट घातली! पोटच्या पोराने आईबापाला अट घातली, आणि तीही फोनवर. "आई, महिनाअखेरीस मी येतो. बाबा धक्क्यापर्यंत स्वतःच्या पायांनी आले, तर तिथेच राहा. नाही आले, तर बांधाबांध करायची आणि माझ्याबरोबर शहरात चलायचं. इथे लिफ्ट आहे."

लिफ्ट! जन्मभर समुद्र बघितलेल्या माणसाने आता लिफ्टमध्ये उभं राहून वरखाली करायचं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. राग आला की माझा आवाज गोड होतो. ते चिरंजीवांना अजून कळलेलं नाही.

हे शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं. खुर्ची तेवढी भिंतीकडे सरकवली.

३ मार्च

डोकं भणभणतंय. इथे लिहिलं की जरा निवतं.

ह्यांचं काम धक्क्यावर दोर झेलायचं. लाँच जवळ आली की वरून दोर फेकतात. तो हवेतल्या हवेत पकडायचा आणि खुंटाला वेढे द्यायचे, की लाँच गप्प उभी. लग्नाआधीपासून हेच करत आले. गेल्या पावसात धक्क्याच्याच शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हाड जुळलं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात, "काका, चाला आता. हाड तुमच्याआधी तयार झालंय."

पण हे चालतात ते खुर्ची ते न्हाणीघर, भिंत धरून. मधल्या मोकळ्या जागेत पाऊल टाकायचं म्हटलं की घाम फुटतो. वादळात लाँच बांधणारा माणूस, आणि त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याची भीती! आज मी नको ते बोलले. मग नारळ सोलत बसले. गरजेपेक्षा बरेच सोलले.

५ मार्च

सुचलं! ओसरीवरची काथ्याची मोठी चटई समुद्रात बुचकळायला नेली होती. जमिनीवर माझ्याच्याने उचलत नाही. पाण्यात घातली तर एका हाताने फिरते. तशीच उभी राहिले, चटई धरून. चटईचं जे होतं ते ह्यांचं का होणार नाही? आणि पाण्यात पडलं तर लागतं कुठे?

नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काकू, हे मला कसं नाही सुचलं?" फक्त पाणी कमरेइतकं हवं, लाट मोठी नको, आणि हाताशी माणूस हवं. माणूस आहे की! मी आहे.

६ मार्च

नाट्यप्रयोग झाला.

वाळूपर्यंत न्यायचं कसं? दुकानदाराची पोती वाहायची ढकलगाडी आणली. हे गाडीत, वर छत्री, मागून मी ढकलतेय. दुकानदार ओट्यावरून ओरडला, "काकू, बटाटे कुठे निघाले?" हे म्हणाले, "बटाट्याला तोंड असतं तर तुला उत्तर मिळालं असतं." बऱ्याच महिन्यांनी तोंड उघडलं, तेही भांडायला. मला इतकं बरं वाटलं!

मी ह्यांचा जुना सदरा घातला होता, खाली परकर. हे हाफपँटमध्ये. आम्ही दोघं कधी एकत्र समुद्रात उतरलोच नव्हतो — आज लक्षात आलं. घर पाण्याच्या काठावर, पण समुद्र म्हणजे ह्यांचं ऑफिस. ऑफिसात कोण आंघोळ करतं?

पाणी कोमट होतं. माझ्या दंडाला घट्ट धरून उभे राहिले. मग एक हात सुटला. मग दुसरा. तेवढ्यात लाट आली आणि हे पालथे! माझा जीव उडाला. वर आले, नाकातोंडात पाणी, डोळे लाल. "पडलो!" म्हणाले. मी म्हटलं, "पडलात. मग?" जरा विचार केला आणि हसायला लागले. मीही. दोन म्हातारी माणसं पाण्यात उभी राहून वेड्यासारखी हसतायत. किनाऱ्यावरचा कुत्रा भुंकत होता.

८ मार्च

आता रोज जातो. पाणी म्हणेल तेव्हा, कधी सकाळी, कधी ऊन उतरल्यावर. आज येताना कवठी चाफ्याखाली बसून अख्खी पपई खाल्ली. बिया वाळूत. हात समुद्रात धुतले. ह्याला सुख म्हणतात हे मला कोणी आधी सांगितलं नाही.

११ मार्च

चिरंजीवांचा फोन. चालण्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणे, "आई, माझी खाट आहे का अजून?" मी ओळखलं! घर रिकामं करताना काय विकायचं, काय टाकायचं, त्याचा हिशेब चाललाय. म्हटलं, "आहे, जागच्या जागी आहे, आणि तिथेच राहील!" बरी जिरली.

१४ मार्च

हे पाण्यातल्या कासवखडकापर्यंत जाऊन परत आले. पाण्यातून, कोणाला न धरता! मी मागे मागे, पण हात पाठीशी बांधून, कारण मध्ये पडलं की रागावतात. आता मांडीइतक्या पाण्यात चालतात. रोज थोडं उथळ, थोडं उथळ. माझी युक्ती आहे, मीच पाठ थोपटून घेते. दुसरं कोण थोपटणार?

परतताना लाँचवाला भेटला. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात सांगितलेलंही गावाला ऐकू जातं. "काकू, नवी लाँच येतेय! सपाट बुडाची! राणी आहे राणी!" त्याला नव्या गोष्टीचं भारी कौतुक. मी मान हलवली. माझं लक्ष ह्यांच्या पायांकडे.

१७ मार्च

आज सगळं विस्कटलं. पाण्यातून बाहेर कोरड्या वाळूवर यायचं ठरलं होतं. घोट्यापर्यंत पाणी होतं तोवर ठीक. कोरडी वाळू लागली आणि हे थिजले. ओठ पांढरे. "गाडी आण," म्हणाले. मी म्हटलं, "चार पावलं." म्हणाले, "चार पावलं तुझ्यासाठी. माझ्यासाठी कडा आहे." मग बसलेच खाली, ओल्या वाळूत.

घरी येऊन म्हणाले, "जाऊ या शहरात. पोराचं बरोबर आहे. तुला किती ढकलायला लावू?"

मला इथून जायचं नाही. हे घर सोडून, हा वारा सोडून जायचं नाही मला! आणि ह्यांना तिथे खिडकीशी बसवून ठेवलं तर हे फार दिवस बसणारही नाहीत. हे मला ठाऊक आहे.

१८ मार्च

नाही गेलो. हे खुर्चीत पडून राहिले दिवसभर. मी मासे तळले. मासे तसेच.

१९ मार्च

चहा घेऊन बाहेर आले तर हे हाफपँट घालून ढकलगाडीत बसलेले! भिंत धरत धरत अंगणात आले होते, एकटेच. "किती वेळ लावतेस? पाणी निघून जाईल."

देवा! चहा सांडला. सांडू दे.

२३ मार्च

ढकलगाडी परत केली! दुकानदार म्हणाला, "काकू, बटाटे विकले गेले वाटतं." घर ते पाणी, काठी टेकत, आपल्या पायांनी. वाळूवर ह्यांचं ओलं पाऊल आणि बाजूला काठीचं भोक, अशी रांग उमटली होती. मी तिला वळसा घालून चालले.

एकच गोष्ट राहिलीय. धक्का. आम्ही उतरतो तिथून समोरच दिसतो, पण हे त्या पायऱ्यांकडे पाठ करूनच उभे राहतात. लाँचच्या वेळी तर घरीच. हल्ली दोर दुकानदार झेलतो. झेलतो कसला, चारदा सोडतो तेव्हा एकदा धरतो.

रात्री जेवताना चिरंजीवांचा फोन. "तुम्ही किती वाजता जेवता? आंब्याखालचा झोपाळा आहे ना?" काय चौकशा! झोपाळाही विकणार!

२७ मार्च

चिरंजीव परवा येणार. म्हणे नऊला पोचतो. मी फोन ठेवून पोट धरून हसले. शहरात राहून पाणी विसरलं पोर! इथे लाँच घड्याळावर येत नाही, भरतीवर येते. परवा नऊला ओहोटी आहे, धक्क्याशी जेमतेम छातीइतकं पाणी असेल. लाँच येणार तिसऱ्या प्रहरी.

म्हणजे सकाळी शेवटचा सराव, मग आंघोळ, जेवण, थोडी झोप. मग इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दिमाखात धक्क्यावर. धक्क्याच्या तोंडापर्यंतच जायचं, पायऱ्यांकडे बघायचं नाही. तेवढं जमेल म्हणालेत. सदऱ्याला इस्त्री केली. माझ्या साडीलाही.

२९ मार्च

घाईघाईत लिहितेय. अक्षर लागणार नाही. लागू नको!

सकाळी पाण्यात होतो. पाणी छान उतरलेलं. हे छातीइतक्या पाण्यात, धक्क्याच्या अंगाला. आणि हॉर्न वाजला. लाँच! भर ओहोटीत लाँच, ऐटीत सरळ धक्क्याकडे येतेय! सपाट बूड! आता कळलं मला. सपाट बुडाला भरती कशाला हवी? त्या भोंग्याने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं आणि माझ्या टाळक्यात शिरलं नाही. धक्क्यावर जात असतो तर सगळ्या गावाबरोबर आम्हालाही समजलं असतं.

सदरा घरी. इस्त्री घरी. मी परकरात! आणि लाँचच्या कठड्याशी आमचे चिरंजीव.

दुकानदार दोर झेलायला पुढे. नवी लाँच बुटकी, म्हणून दोर खालून आला. तो वाकला, दोर हाताला लागून निसटला आणि पाण्यात पडला. लाँच वाहत कासवखडकाकडे निघाली. भोंग्याचा आवाज फाटला, "दोर! अरे दोर धरा!"

मी बघतेय तर हे शेजारी नाहीत.

दोर ह्यांच्या खांद्यावर होता. पाणी कापत पायऱ्यांकडे निघाले होते. त्याच पायऱ्या, तेच शेवाळ. मी ओरडणार होते — ओरडले नाही. तोंडावर हात दाबून धरला. पहिली पायरी. दुसरी. काठी नाही, भिंत नाही, पाण्याने निथळतायत. वर गेले, खुंटाला वेढा दिला, दुसरा दिला आणि मागे रेलून धरलं. लाँच जागच्या जागी उभी राहिली!

मग हात वर करून भोंग्यावर खेकसले, "दोर असा फेकतात का रे, गाढवा?"

सगळा धक्का टाळ्या वाजवत होता. दुकानदार सर्वांत जोरात. चिरंजीव उतरले आणि ओल्या बापाला मिठी मारून उभे राहिले. शर्ट भिजला तरी सोडेना. मी पाण्यातूनच ओरडले, "अट पुरी झाली! पुढे बोलायचं काम नाही!"

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

संध्याकाळी पोरगा तीनदा वाढून घेऊन जेवला. जेवून झालं तरी पानावरून उठेना. हरल्यामुळे असेल.

३० मार्च

परतीची लाँच गेली. चिरंजीव गेले नाहीत. मी त्यांची बॅग सरकवायला गेले तर हलेना. आत थंडीचे कपडे, उशी, ऑफिसातला कप. मी कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. तो खाटेच्या कडेला बसला होता, लहानपणी ताप आल्यावर बसायचा तसा. शहरातली खोली त्याने या महिन्यातच सोडली होती. "तिथे जेवताना समोर कोणी नसतं, आई. म्हणून तर तिकडे बोलावत होतो. पण आता न्यायला नाही आलो मी. राहू का इथे?"

मी म्हटलं, "अट आहे. रोज आमच्याबरोबर पाण्यात यायचं."

बाहेरून हे ओरडले, "अगं, त्याला माझी जुनी हाफपँट काढून दे!"